जवळिकीचा रकाना

ती चुकून दंड भरायच्या रांगेत उभी होती. डबा घेऊन चाललेला एक कारकून तिच्या हातातले कागद पाहून थबकला.

“शिष्यवृत्तीचा अर्ज ना? इथे थांबलात तर न केलेल्या गुन्ह्याचा दंड भरून घरी जाल!”

ती खुदकन हसली. तोही हसला… आणि डबा तसाच बाजूला ठेवून त्याने आपली खिडकी उघडली.

अर्ज वाचता वाचता मात्र त्याचं हसू मावळलं. “शिक्षणात तीन वर्षांचा खंड? सरकारी नियमात दोनच वर्षं चालतात हो.”

“बाबा अंथरुणाला खिळले होते. त्यांना भरवायचं सोडून वर्गात जाऊन बसू?” यंदा शिष्यवृत्ती हुकली की कॉलेज कायमचं सुटणार होतं.

तो जाडजूड नियमावली काढून पानं उलटत राहिला. “हे बघा – घरच्या आजाऱ्याची सेवा केली असेल तर सूट आहे. पण तिन्ही वर्षांचे दवाखान्याचे कागद हवेत.”

दोन वर्षांचे मिळाले. तिसऱ्या वर्षी बाबा घरीच होते. कागदासाठी ती खेपा घालू लागली.

“आज काय विसरलात?”

“विसरले नाही, राखून ठेवलंय. उद्या यायला निमित्त नको?”

त्याचे कान लालबुंद झाले. मग एकदम त्यानेच विचारलं, “घरी इंजेक्शन द्यायला कोण यायचं?”

“नर्सताई… रोज.”

“मग त्यांच्या वहीत नोंद असणारच की!”

वहीची नक्कल घेऊन ती धावतच आली. त्याने ती फाइलला लावली, एका कागदावरच्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि खाली मान घालून म्हणाला, “फाइल आता मोठ्या बाई बघतील.”

मोठ्या बाई! अर्ज परत पाठवण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे.

“ऐन वेळी हात झटकलेत?” तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. फाइल उचलून तो बाईंच्या काचेच्या केबिनकडे वळला.

बाईंनी एकेक पान सावकाश वाचलं. वहीच्या नकलेवर बोट ठेवून तारखा जुळवल्या. तिचा जीव टांगणीला लागला होता… आणि शिक्का उमटला. “मंजूर.”

‘थँक्यू’ म्हणत ती घाईने उठली.

“थांब,” बाईंनी चष्मा काढला. “अर्जदाराशी जवळीक असेल तर तपासणाऱ्याने फाइल सोडायची असते, कारण लिहून. वाच, काय लिहिलंय आमच्या शहाण्याने.”

बारीक, नेटक्या अक्षरात दोनच ओळी होत्या –

‘जवळीक आहे.
अर्जदारास अद्याप कल्पना नाही.’

रडू आणि हसू एकदमच आलं. काचेपलीकडे तो एकाच कागदावर पुन्हा पुन्हा शिक्के मारत बसला होता.

“बाई, हे चूक लिहिलंय…”

“मग मला काय सांगतेस? जा, त्याला सांग!”

ती खिडकीपाशी गेली. त्याचा शिक्का हवेतच थांबला.

“कल्पना होती हो मला,” ती हळूच म्हणाली. “खात्री तेवढी नव्हती…”