लांडगोबाच्या दोन आवाजांमधलं अंतर

"१९ नोव्हेंबर, मंगळवार. दिवसभर ढगाळ हवा. संध्याकाळी वारा पडला. थंडी बेताची."

एवढं सांगून कंपाउंडरकाका थांबले. कुठलीही गोष्ट सांगायची तर आधी तारीख, वार आणि हवा, हा त्यांचा खाक्या होता. जनावरांच्या त्या दवाखान्यात त्यांची चौतीस वर्षं झाली होती. रात्रपाळीला दोन नवे डॉक्टर होते, एक मुलगी आणि एक मुलगा. मागच्या पिंजऱ्यात टाके घातलेलं एक हस्की कुत्रं मघापासून गळा काढत होतं, आणि त्याला दुखतंय का म्हणून मुलीनं दोनदा विचारून झालं होतं.

"दुखत नाहीये. बोलतोय तो," काका म्हणाले.

"काय बोलतोय मग?"

"ते फार खोलात जाऊन विचारू नये. एकानं विचारलं होतं."

"काका, भुताची गोष्ट असेल तर आधी चहा," मुलगा म्हणाला.

"घे चहा. आणि भुताची नाही, घड्याळजीची आहे. माझ्या ओळखीचा माणूस. अजून दुकान चालवतो. खोटं वाटलं तर जा घड्याळ घेऊन."

त्या मंगळवारी घड्याळजी दवाखान्यात आला तो अगदी किरकोळ कामाला. घरातल्या कुत्र्याला रात्री झोप लागेल अशी गोळी त्याला हवी होती. कुत्रं त्याच्या थोरल्या भावाचं. काळं-पांढरं हस्की, एक डोळा निळा, एक तपकिरी. भाऊ त्याला लांडगोबा म्हणायचा. भाऊ शीतगृहात कामाला होता. पाळी संपवून रात्री दोन चाळीसला घरी यायचा. त्याच्या कोटाला तिथला गारठा चिकटलेला असायचा आणि लांडगोबा त्या कोटात नाक खुपसून उभा राहायचा. मग भाऊ, वहिनी आणि लांडगोबा असे तिघं त्या अवेळी फिरायला निघायचे, कारण या जातीला उन्हात चालवत नाही आणि रात्री घरात राहवत नाही. सात आठवड्यांपूर्वी भाऊ कामावरच गेला. छातीत कळ आली म्हणून खोक्यावर बसला, तो उठलाच नाही.

तेव्हापासून वहिनी गप्प होती. ती रडली नाही. ताट पुढं ठेवलं तर दोन घास खायची, उचललं तर उचलू द्यायची. काही विचारलं की "हं". घड्याळजी आपली खोली बंद करून तिच्याकडे राहायला आला होता. त्याला बायको-मुलं नव्हती. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि याच वहिनीनं त्याला पदराखाली घेऊन वाढवलं होतं. आता ती डोळ्यांदेखत विझत चालली होती. ती जगावी, एवढं एकच त्याच्या मनात होतं, आणि त्यासाठी काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं. निदान रात्रीची झोप तरी तिला मिळावी, म्हणून गोळी.

"गोळी देतो," काका म्हणाले. "पण ओरडतो म्हणजे कसा ओरडतो?"

"कसा म्हणजे... ओरडतो."

"तू घड्याळवाला ना? गिऱ्हाईक म्हणालं, घड्याळ बिघडलंय, तर तू तेवढ्यावर औषध देतोस?"

घड्याळजी ओशाळला. मग काकांनी त्याला बसवून घेतलं आणि सांगितलं. हस्की भुंकतो कमी, बोलतो जास्त. नाकातून बारीक ईंऽऽ काढला, तर समजावं कुणीतरी आपलं माणूस आलं. वू-वू-वू अशी चढउताराची बडबड म्हणजे हुज्जत. आंघोळीला चल म्हटलं की हीच ऐकू येते. घशात घरघर झाली की लोक घाबरून मागे सरतात, पण अंग सैल असेल, कान मागे पडलेले असतील, तर ती लाडाची असते. आणि तोंड वर करून लांब ऊऽऽ केला, तर ती हाक. जो इथे नाही त्याला.

"नुसता आवाज लिहून उपयोग नाही," काका म्हणाले. "कान कुठे, शेपूट कुठे आणि आवाजानंतर काय झालं, तेही लिही. त्याचा मूड त्यातच असतो. चार दिवस लिही, मग ये."

तो तीनच दिवसांत आला. शुक्रवार, २२ नोव्हेंबर. हवा कोरडी. वहीत बारीक अक्षरात रकाने पाडलेले होते, आणि काकांनी न सांगितलेला एक रकाना जास्तीचा होता. दोन आवाजांमधलं अंतर, सेकंदांत. घड्याळजी लोक टिकटिक ऐकत नाहीत, दोन टिकटिकींच्या मधली जागा ऐकतात. घड्याळ लंगडतं ते तिथेच.

"काका, तो हाक मारतच नाही. एकदाही नाही."

"मग रात्रभर करतो काय?"

"रात्रभर नाही. दोन चाळीसला उठतो, दाराशी जातो. ईंऽऽ करतो. चार सेकंद गप्प. मग वू-वू. मग सात सेकंद. परत वू. तीन सेकंद. मग घरघर. कान मागे, शेपूट हलतेय."

"बरं."

"एकटा बडबडणारा सारख्या अंतरानं बडबडतो, नाहीतर दमत जातो. हे तसं नाही. हे अंतर कधी चार, कधी सात, कधी तीन. हे... समोरच्याचं बोलून होईपर्यंतचं आहे."

काका हसले. "फोनवर बोलत असेल."

घड्याळजीही थोडं हसला. मग म्हणाला, "मी दार उघडून बघितलं. कुणी नसतं."

"आणि तुम्ही गोळ्या दिल्या नाहीत?" डॉक्टर मुलीनं मध्येच विचारलं.

"दिल्या की. त्यानंच टेबलावर ठेवल्या नि गेला. कारण घरी चांगलं काहीतरी घडायला लागलं होतं."

चांगलं म्हणजे असं. पहिल्याच संध्याकाळी घड्याळजीनं वहीतलं पान सहज वहिनीला वाचून दाखवलं. घरात तेवढाच काय तो विषय. ईंऽऽ, चार सेकंद, वू-वू, सात सेकंद. वहिनी भिंतीकडे बघत होती. ती मान वळवून म्हणाली, "परत वाच."

सात आठवड्यांत "हं"खेरीज तिच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द. घड्याळजीला आभाळ ठेंगणं झालं. मग तो रोज वाचायला लागला. कुठल्या आवाजाचा काय अर्थ, ते काकांकडून ऐकलेलं सगळं त्यानं तिला शिकवलं. ती पोळीचा तुकडा हातात धरून ऐकायची आणि ऐकता ऐकता खायची. शनिवारी तिनं स्वतः केस विंचरले. रविवारी रात्री ती दाराजवळ खुर्ची घेऊन बसली. लांडगोबा बोलायचा थांबला की ती दिराकडे वळून हळूच विचारायची, "काय म्हणाले?"

"कोण, वहिनी?"

"अरे, कोण काय..."

सोमवारी तिनं विचारलं नाही. लांडगोबा थांबला, चार सेकंद गेले, आणि ती दाराकडे बघून म्हणाली, "हो." पुढच्या थांब्यानंतर म्हणाली, "जेवले." त्यापुढच्या थांब्यानंतर नुसती हसली.

घड्याळजीनं तेही वहीत लिहिलं. अंतर, सहा सेकंद. वहिनी हसली.

लांडगोबाचा घरात प्रत्येकासाठी एक आवाज ठरलेला होता. भावासाठी ईंऽऽ. वहिनीसाठी अ-ऊऽ?, शेवटाला वर उचललेला, प्रश्न विचारल्यासारखा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहून तो काढायचा, आणि वहिनी हातातलं काम टाकून यायची. घड्याळजीसाठी आवाज नव्हता. त्याला तो नुसता बघायचा.

बुधवारी रात्री, दोन एक्केचाळीसला, लांडगोबा दाराशी ईंऽऽ करून गप्प झाला. पाच सेकंद. मग तो वळला. दाराकडे पाठ करून त्यानं खोलीत बघितलं.

अ-ऊऽ?

वहिनी खुर्चीतून उठली. तिच्या पायात बूट होते. घड्याळजीनं तिला दंडाला धरून आत नेलं. ती मुकाट्यानं गेली. त्या रात्री वहीत एकच ओळ आहे: *त्याला कुणीतरी सांगितलं, तिला बोलाव.*

सकाळी त्यानं दवाखान्यात फोन केला.

"काका, त्यांना फिरायला जायचंय. पहिल्यासारखं. तिघांना."

काकांनी समोरच्या कागदावर तारीख आणि वार लिहिला.

"मीच तिला ऐकायला शिकवलं, काका."

"रात्री दार उघडू नकोस."

"मी नाही उघडणार. पण माझा डोळा लागला की ती उघडेल. आज नाही तर उद्या. तुम्ही सांगितलं होतं, नुसता आवाज लिहून उपयोग नाही. नंतर काय झालं ते लिही. ते लिहायची पाळी माझ्यावर नको यायला."

पिंजऱ्यातलं हस्की एव्हाना गप्प झालं होतं. मुलाच्या हातातला चहा तसाच होता.

"पुढं?" मुलगी म्हणाली.

गुरुवार, २८ नोव्हेंबर. आभाळ मोकळं. वारा अजिबात नाही.

घड्याळजी दाराला पाठ लावून जमिनीवर बसला. वहिनी खुर्चीत. तिचं मनगट त्याच्या हातात. नाडी लागत होती. मिनिटाला बासष्ट. एकसारखी.

दोन एकोणचाळीस.

लांडगोबा उठला. अंग झाडलं. दाराशी आला. घड्याळजी बाजूला सरकला. का सरकला ते त्याला सांगता आलं नाही.

ईंऽऽ.

...

चार सेकंद.

लांडगोबा पुढं झाला आणि नाक खुपसून उभा राहिला. समोर काही नव्हतं. दार अजून वीतभर लांब होतं. पण त्याच्या मिशा वाकल्या होत्या. कपाळावरचे केस दबले होते, कापडात दाबल्यासारखे.

घरघर. कान मागे.

...

मग तो वळला.

अ-ऊऽ?

"आले," वहिनी म्हणाली.

"वहिनी, बसा."

"सोड रे. किती वेळ उभं ठेवायचं त्यांना?"

"बसा म्हणतो ना."

"तू झोप. तुला सकाळी दुकान आहे."

अ-ऊऽ?

ती उठली. त्यानं मनगट सोडलं नाही. ती ओढत नव्हती, पण थांबतही नव्हती. तिचं बळ एवढं कधीच नव्हतं. तो तिच्याबरोबर दारापर्यंत सरकत गेला. तिचा दुसरा हात कडीवर पडला.

तेव्हा घड्याळजी बोलला. वहिनीशी नाही.

"दादा, याला घेऊन जा. हिला नको. माझ्यासाठी नको नेऊस."

...

त्यानं मोजलं. ती सवयच होती. सहा. सात. आठ.

वहिनीची नाडी बासष्टच.

नऊ. दहा.

अकरा.

लांडगोबानं वू-वू केलं. चढउताराची, लांबलचक हुज्जत. मग थांबला. मग एकच वू, खालच्या पट्टीत. आंघोळीचं शेवटी मान्य करताना काढायचा तसा. त्यानं डोकं वहिनीच्या बुटावर टेकवलं, आणि उचललं.

घड्याळजीनं कडी काढली.

दार त्यानं उघडलं, फक्त कुत्रं जाईल एवढं. जिन्यात अंधार होता. लांडगोबा बाहेर गेला. ही जात साखळी तोडेल अशी ओढ घेते; सगळ्या जन्मात तो कधी सरळ चालला नव्हता. त्या रात्री तो पट्ट्याशिवाय, एका बाजूनं, सावकाश उतरला. मान वर. कुणाच्या तरी तोंडाकडे बघत.

वहिनीनं हिसका दिला. दोघं खाली पडली. घड्याळजीचा पाय दारापासून लांब होता. वहिनीचा हात त्याच्या हातात होता.

दार लागलं.

वहिनी उठून दार ओढायला लागली. उघडेना. त्यानंही ओढून बघितलं. उघडेना. ती दारावर हात आपटत राहिली, पंचवीस मिनिटं. मग खाली बसली. तीन वाजून अकरा मिनिटांनी ती रडायला लागली. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा. ती उजाडेपर्यंत रडत होती, आणि तो शेजारी बसून होता.

लांडगोबा सापडला नाही. काकांनी आसपासच्या सगळ्या दवाखान्यांत फोन केले. वहिनी आहे. जेवते, बोलते, दुकानात येऊन बसते. घड्याळजीची वही त्या रात्रीपाशी थांबली आहे.

त्या सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी समोरच्या बिऱ्हाडातल्या शिक्षिकेनं घड्याळजीच्या हाका ऐकल्या आणि ती बाहेर आली. दाराला बाहेरून कडी लावलेली होती. कडीखाली एक लोखंडी खिट्टी होती. रंगाचे थर चढून ती गेली वीस वर्षं जागची हललेली नव्हती. आता ती खिट्टी खाचेत शेवटपर्यंत सरकवलेली होती. काढायला हातोडी आणावी लागली.