कुशाबाईची सही

“आई, सही कर आन् मोकळी हो! नारायणगावात फ्लॅट मिळतोय, तोबी फुकट! आन् तू इचार कसला करतीस?”

कुंडलिकचा आवाज चढला होता. समोर खाटेवर बिल्डरचा माणूस पेन उघडून बसला होता आणि मासळीला हळद-मीठ लावता लावता कुशाबाईचा हात जागच्या जागी थबकला होता... नारायणगाव! ते नाव या घरात किती वर्षांनी उच्चारलं गेलं होतं! त्या नावासरशी तिच्या अंतःकरणात एकाच वेळी माया दाटून आली आणि जुनी वेदनाही सळसळली.

नारायणगावातल्या त्या जमिनीवर तिचे वडील आयुष्यभर राबले होते. ते गेल्यावर सातबाऱ्यावर दोन नावं लागली, हौशीरामचं आणि त्याच्या थोरल्या बहिणीचं, कुशाबाईचं. पण बिल्डरशी करार करताना हौशीरामनं बहिणीला विचारलंच नाही. तिथं तीन मजली इमारत उभी राहिली. दोन फ्लॅट हौशीरामला मिळाले, बाकीचे विकले गेले आणि डिंभ्याला राहणाऱ्या कुशाबाईला ही बातमी बाजारात एका परक्या बाईच्या तोंडून कळली!

तरी ती वास्तुशांतीला गेली होती. बोलावणं नव्हतं, पण भावाचं घर होतं ना! डोक्यावर आंबेमोहोर तांदळाची पाटी घेऊन ती जिना चढली आणि दारातच भावजय साळुबाई म्हणाली, “हिस्सा मागाया आलाव का, वन्सं?”

कुशाबाईनं भावाकडं पाहिलं. एक शब्द... त्याच्या तोंडून एक शब्द निघाला असता तरी तिनं सगळं पोटात घातलं असतं! पण हौशीराम जमिनीकडं बघत राहिला. ती तशीच माघारी फिरली. पुढं नवऱ्यानं, मग कुंडलिकनं कितीदा सांगितलं, कोर्टात जाऊ. तिचं उत्तर ठरलेलं असे. “भावाला कोर्टात उभा करून मला काय गोड लागनार हाय?”

आणि आज बिल्डरचा माणूस गोड बोलून समजावत होता. “मावशी, जमीन अजून तुमच्या दोघांच्याच नावावर आहे. तुमचा हक्क आम्हाला लिहून द्या. वर आणखी दोन मजले चढवतो, त्यातला एक फ्लॅट तुमचा.”

“आन् खालची माणसं? त्यांनी पैशे मोजून घरं घेतलीत ना?”

“त्यांचे फ्लॅट त्यांना लखलाभ. जमिनीशी त्यांचा काय संबंध?”

डिंभ्याचं धरण झालं तेव्हा कुशाबाईच्या सासरची जमीन पाण्याखाली गेली होती. भिंती शाबूत असलेलं घर, सारवलेली चूल, अंगणातली तुळस... सगळं मागं ठेवून ती काठावर आली होती. पायाखालची जमीन गेली की घराचं काय होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं!

ती उठली. “न्हाई जमायचं, पावणं. च्या घ्या आन् निघा.”

“आई!” कुंडलिक कळवळून ओरडला. “ज्या मामानं तुला दारातनं परत लावलं, त्याच्यासाठी?”

“त्याच्यासाठी न्हाई रं...” तिचे डोळे भरून आले. “त्या बिल्डिंगीत कुनाची तरी पोरं निजत असतील. त्यांच्या डोक्यावर मी मजलं चढवू?”

मग कुंडलिकनंच पाहुण्याला रस्त्यापर्यंत नेऊन सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात एक टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून माणसंच माणसं उतरू लागली! बाया, म्हातारे, कडेवरची पोरं... सगळ्यांत पुढं पांढऱ्या दाढीचे महंमद हनीफ, त्या इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी. एवढी गर्दी बघून कोंबड्या सैरावैरा पळाल्या.

“आपा, आमी तुमच्या वडलांच्या जमिनीवर ऱ्हातो,” ते हात जोडून म्हणाले. “घरं आमच्या नावावर हायेत, पन जमीन सोसायटीच्या नावावर करून देनारं खत राहून गेलं. कन्व्हेयन्स म्हनतात त्याला. ते झालं न्हाई, तर उद्या कुनीबी येऊन वर बांधंल आन् आमी बघत बसू. तुमच्या भावानं सहीला व्हय म्हटलंय. आता तुमच्या सहीवर सगळं अडलंय. बिल्डरचा मानूस येऊन गेला, असं ऐकलं. तुमी... सही केली का हो त्याला?”



“न्हाई केली,” कुशाबाई म्हणाली. “आन् भाऊ कुठाय माझा? सहीला व्हय म्हनला, आन् बहिनीला भेटाया नगं वाटलं व्हय त्याला?”

टेम्पोच्या मागून हौशीराम हळूहळू पुढं आला. केस पिकलेले, खांदे वाकलेले... तिच्या डोळ्यांपुढचा तरणाबांड भाऊ कुठं हरवला होता! त्यानं बहिणीचे पाय धरले आणि लहान मुलासारखा रडू लागला.

“आक्का, त्या दिशी मी बोललो न्हाई गं... रोज त्या जिन्यानं चढताना जीव खातंय माझा ते! तू तिकडं सही केली असतीस, तरी मी तुला बोल लावला नसता!”

“उठ की येड्या!” कुशाबाई हसता हसता रडत होती. “एवढ्या मानसांत रडतोस? आन् ही सगळी उपाशी आनलीस का काय?”

मग काय! कुंडलिक धावत जाऊन धरणावरून ताजी मासळी घेऊन आला, शेजारच्या घरांतून पातेली आली, सोसायटीच्या बाया भाकऱ्या थापायला बसल्या आणि अंगणात पंगत बसली. हनीफभाईंनी तिसऱ्यांदा रस्सा मागितला, तेव्हा कुंडलिकही खळखळून हसला.

दोन्ही मालक सोसायटीच्या बाजूनं उभे राहिले, म्हटल्यावर बिल्डरचं काही चालेना. ठरल्या दिवशी तोही तोंड पाडून जुन्नरच्या रजिस्ट्रार ऑफिसात आला. हौशीरामनं सही केली. कुशाबाईनं चष्मा सावरून एकेक अक्षर काढलं, अंगठा दिला, फोटो काढून घेतला आणि बाहेर उभ्या असलेल्या मंडळींनी अशा टाळ्या वाजवल्या की शिपाई दचकून आत आला!

ती उठू लागली, तेवढ्यात साळुबाईनं तिचा हात धरला. “बसा वन्सं. आजून एक सही हाय.”

“आता कसली?”

“आमच्या दोन फ्लॅटांतला येक तुमच्या नावावर करतोय. बक्षीसपत्र.” साळुबाईनं कागद पुढं सरकवला. “बक्षीस म्हनायचं कागदाला... हाय तो तुमचाच. ह्यांनी इचारलं, तर मीच म्हनलं, आजच करू. त्या दिशी मी जे बोलले... आता न्हाई म्हनू नगा, तुमच्या पाया पडते!”

आयुष्यभर द्यायचीच सवय लागलेल्या कुशाबाईला घ्यायचं कसं, हे कळेना! तिनं भावाकडं पाहिलं, मुलाकडं पाहिलं. मग पदरानं डोळे पुसून ती सरळ कागद करणाऱ्या वकिलाकडं वळली.

“सायेब, जमीन आता सोसायटीची झाली ना? पक्की?”

“पक्की, आजी. आत्ताच झाली.”

“मंग घेते!”

सगळं ऑफिस हसलं. साळुबाईनं नणंदेला घट्ट मिठी मारली, आणि त्या दोघींचं रडणं थांबेपर्यंत रजिस्ट्रार साहेबांनी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं नाही.

संध्याकाळी कुशाबाई त्या इमारतीचा जिना चढत होती. प्रत्येक मजल्यावर दारं उघडी होती आणि प्रत्येक दारातून कुणी ना कुणी म्हणत होतं, “आत या, आत्याबाई, च्या तरी घ्या!” वर आपल्या फ्लॅटपर्यंत पोचता पोचता अंधार पडला.