निळं की हिरवं

प्रेमाने आजवर भल्याभल्यांची राज्यं उलथवली आहेत. जव्हारला मात्र त्याने फक्त एक सॉफ्टवेअर निवडलं.

कंपनी बियाण्यांची, माणसं अकरा हजार. सगळ्यांनी एकाच ठिकाणी कामाचं बोलावं म्हणून मुख्य कार्यालयाने दोन सॉफ्टवेअर महिनाभर जव्हार कार्यालयाला चाचणीला दिली. नावं कुणाच्या जिभेवर बसेनात. मग रंगावरून एक झालं निळं, एक हिरवं. निळ्यावर लोक आपणहून बोलत, हिरव्याकडे कुणी फिरकेना. तेव्हा तिथला प्रमुख गौतम याने फर्मान काढलं, की प्रत्येकाने हिरव्यावर रोज दहा संदेश पाठवावेत.

ते पाळलं एकट्या जयवंतीने. ती सूर्यमाळ गावात कंपनीचं नागलीचं बियाणं वाटायची. तिची नि गौतमची गाठ एकदाच पडली होती — एसटीच्या डेपोत, एकाच सीटवर दोघांनी खिडकीतून रुमाल टाकला तेव्हा. तिने त्याचा रुमाल नीट घडी करून परत दिला होता आणि सीट स्वतः घेतली होती.

आता तिचे संदेश येऊ लागले. ‘जेवलात?’ ‘करवंदं पिकली.’ ‘तुमचा हसताना एकच गाल हसतो.’ रोज मोजून दहा. गौतम उलट तीस धाडायचा आणि विचारात पडायचा… हे प्रेम, की आज्ञापालन?

महिना संपला. नको असलेलं सॉफ्टवेअर शनिवारी बंद होणार होतं, आणि शिफारस गौतमने करायची होती. हिरवं गेलं तर फर्मान गेलं. मग जयवंती कशाला बोलेल? तो सरळ सूर्यमाळला गेला. ती टँकरच्या रांगेत उभी होती.

“तुमचं मत घ्यायला आलो. निळं की हिरवं?”

“निळं, सर. हिरवं फार अडकतं.”

त्याचा चेहरा उतरला. “मग ते रोजचे दहा…”

“तुमचा हुकूम होता ना.” ती हंड्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली. “आणखी वीस लिहायची — अन् पुसून टाकायची. दहाच्या वर गेले असते तर तुम्हाला कळलं असतं.”

“मी तर तीस पाठवत होतो, जयवंती.”

“मला वाटलं, साहेबलोकांना तीसचा हुकूम असेल.”

गौतमने मोबाइल काढला आणि अकरा हजार माणसांसाठी ‘निळं’ एवढंच लिहून पाठवलं. मग म्हणाला, “तुम्ही मला आवडता. हे कुणी सांगितलं म्हणून नाही.”

“मला पण,” ती हळूच म्हणाली. “आता तेवढा हंडा उचला. रांग पुढे सरकली.”