पोपटीला आलेलं स्थळ

"नानकटाईच्या टेबलावरच्या मॅडम, खून डॉक्टरने केलाय! आता तरी मान वर करा, इकडे लोण चढतोय!"

हे वाक्य चार कर्ण्यांमधून अख्ख्या मैदानाने ऐकलं. आणि त्या मैदानावर नानकटाईचं टेबल एकच होतं. माझं.

मी हातातल्या पुस्तकाची दोनशे एकसष्ट पानं वाचून काढली होती. उरलेल्या तेहेतीस पानांत खुनी सापडायचा होता. त्याला मीच शोधणार होते, माझा संशय जावयावर होता, आणि कोण कुठला समालोचक माइकवरून मला सांगतो की डॉक्टरने केलाय! मैदान हसलं. जिन्यावर, कंपाउंडवर, टेम्पोच्या टपावर बसलेली माणसं माना वळवून माझ्याकडे बघायला लागली. कबड्डी राहिली बाजूला.

मध्यंतर होताच मी तडक समालोचकाच्या टेबलाशी गेले. बारीक अंगाचा, चष्मेवाला, गळ्यात मरून मफलर गुंडाळलेला एक मुलगा चहात पाव बुडवत बसला होता.

"तुम्ही स्वतःला समजता कोण?" मी म्हटलं.

त्याच्या हातातला पाव चहात पडला. माइक बंद होता. आणि तेव्हा मला या माणसाचं खरं रूप कळलं. माइक बंद असला की हासुद्धा बंद.

"सॉरी... म्हणजे ते पुस्तक... मीच मागच्या आठवड्यात वाचनालयात परत केलं होतं. कव्हर ओळखलं मी."

"मग? ओळखलं तर गावभर सांगायचं?"

"नाही, पण... सामना इतका रंगला होता आणि तुम्ही एकदाही... वर बघितलं नाहीत."

"मी बघितलं नाही म्हणून तुमचं काय अडलं?"

त्याचे कान मफलरच्या रंगाचे झाले. "मी... आज जरा बरं बोलत होतो," तो चहाकडे बघत म्हणाला. "तुम्ही आल्यापासून."

मी रागावून परत आले. रागावूनच नानकटाया विकल्या. बाकीची तेहेतीस पानं मात्र वाचवेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा आमच्या दारात. हातात वाचनालयाचं एक जाड पुस्तक. "भरपाई म्हणून आणलंय," तो म्हणाला. "यात कोणीच मरत नाही."

"हेही सांगून टाकलंत?"

त्याने कपाळावर हात मारला. मला हसू आलं, पण मी ते दिसू दिलं नाही.

त्याचं नाव निकेत. रेवदंड्याच्या पलीकडच्या वाडीतला. शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवायचा आणि हिवाळ्यातले रविवार कबड्डीला द्यायचा. मग तो येतच राहिला. आमच्या किनाऱ्यावर थंडी ती केवढी, सकाळी आठला उन्हं वर आली की पळाली! पण त्या तेवढ्या थंडीत माझा ओव्हन तापलेला असायचा, घरभर वेलचीचा वास असायचा आणि फाटकाशी निकेतची स्कूटर खोकायची. येताना एक पुस्तक, जाताना एक पुस्तक. मध्ये नानकटाई. तो अर्धी तोडायचा आणि मोठा तुकडा माझ्यापुढे करायचा.

"माझीच नानकटाई मलाच देतोस?"

"तू... बनवतेस फक्त. खात नाहीस कधी."

हे त्याच्याआधी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

एकदा अलिबागला सिनेमाला गेलो. मी, तो आणि माझी मनुआत्या. आत्याला आईने पहाऱ्याला पाठवलं होतं, पण तिने मध्यंतरात दोन समोसे खाल्ले आणि पुढचा सिनेमा झोपेत पाहिला. सिनेमातल्या नायकाने नायिकेला स्वतःच्या श्रीमंत मित्राच्या हवाली केलं आणि पाठमोरा चालू लागला. लोक डोळे पुसत होते. माझं डोकं फिरलं.

"रडायचं काय त्यात?" बाहेर आल्या आल्या मी म्हटलं. "मूर्ख आहे तो!"

"त्याने... तिचं भलं बघितलं."

"तिला विचारलं?"

"...नाही."

"मग कसलं भलं? टोपली आहे का ती, याच्या डोक्यावरून त्याच्या डोक्यावर द्यायला?"

रिक्षात वारा लागत होता. निकेतने मफलर काढून माझ्याकडे दिला, मी गुंडाळला, आणि साळाव फाट्याकडचे दिवे दिसेपर्यंत सोडला नाही. मला तो आवडत होता. हे मी सरळच सांगते, कारण आमच्या दोघांत सरळ सांगणारी मी एकटीच आहे. तोही आज ना उद्या बोलेल, असं मी धरून चालले होते.

आणि तो बोलला! माझ्या आईशी बोलला.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी आई म्हणाली, "रविवारी पनवेलहून पाहुणे येणार आहेत. पोपटीला."

आमच्याकडे हिवाळ्यात कोणाला पोपटीला बोलावणं म्हणजे मोठा मान. वालाच्या शेंगा, कांदे, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ, सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यात गच्च बसवून मडकं उपडं करायचं आणि वर जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. त्या धुराच्या वासावर पनवेलच काय, मुंबईहून माणसं येतात. पण आईचा आवाज फार गोड होता, म्हणून मी विचारलं, "कोण पाहुणे?"

"ऋत्विक म्हणून मुलगा आहे. स्वतःचे सहा ट्रेलर आहेत. उगाच पोहे नि साड्या नकोत, पोपटीच्या निमित्ताने एकमेकांना बघा. निकेतनेच तर सुचवलं! त्याचा मावसभाऊ लागतो. पोपटीही तोच लावणार आहे."

मी अंडी फेटत होते. त्या दिवशीचा केक असा फुगला की ओव्हनच्या छताला चिकटला.

मी निकेतला फोन केला. "माझी शिफारस केलीस तू?"

"ऋत्विक चांगला आहे, दिपाली. निर्व्यसनी आहे. घर आहे, धंदा आहे. वाचतोही."

"मी तुला मुलगा शोधायला सांगितलं होतं?"

"नाही, पण... माझं काय आहे? वर्षानुवर्षं तासिकेवर. उद्या शाळेने नको म्हटलं की घरी. तू त्यात कशाला..."

"मी त्यात असेन असं तुला कोणी सांगितलं?"

तो पुन्हा ऋत्विकच्या घराचं सांगू लागला. मी त्याला मध्येच तोडलं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "येते पोपटीला. आणि मुलगा बरा वाटला तर हो म्हणेन. समजलं?"

ते मी नुसतं बोलायला बोलले नव्हते. रागाच्या भरात मी काहीही करू शकते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. रविवारपर्यंत त्याचा एक मेसेज नाही, एक फोन नाही. शनिवारी दिवसभर मी फाटकाकडे बघत होते आणि मी बघत नाहीये असं स्वतःला सांगत होते.

रविवारी दुपारी शेंगा निवडताना आईने सांगून टाकलं, "बायकांनी घरीच थांबायचं. पुरुष आपल्या पोफळीच्या वाडीत पोपटी लावतील, मुलगा इकडे चहाला येईल."

आमच्याकडची ही रीत मला लहानपणापासून डाचते. शेंगा आम्ही तोडायच्या, आम्ही निवडायच्या, आणि पोपटी उघडताना पहिला वास पुरुषांनी घ्यायचा.

"मी वाडीत जाणार," मी म्हटलं. "मला बघायचंय ना? जाळाशी बघा."

"अगो, लोक काय म्हनतील?" आईच्या तोंडून भीती निघाली की अशीच निघते.

मनुआत्या सुपातली शेंग टाकून उठली. "म्हनू दे! मी पन चाललंय. पन्नास वर्सां शेंगा निवडतंय, एकदा पन गरम खाल्ली न्हाय."

वाडीत साडेपाच वाजताचं ऊन पोफळींतून तिरपं उतरलं होतं. बाबा आणि ऋत्विक खाटेवर बसले होते. निकेत गुडघ्यांवर बसून मडकं भरत होता. मला बघून त्याच्या हातातला पाला खाली पडला. मी त्याच्याकडे न बघता ऋत्विकसमोर खुर्ची ओढून बसले.

ऋत्विक खरंच चांगला होता. हसरा, नम्र. त्यामुळे माझा राग आणखी वाढला.

"तुम्हाला काय काय आवडतं?" त्याने विचारलं.

"रागवायला."

"आणि रिकाम्या वेळात?"

मला हसू फुटलं. पेंढ्याला काडी लावणारा निकेत मध्येच थांबला. काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा तो दचकला.

"बोट भाजलं का रे?" बाबांनी विचारलं.

"नाही... काही नाही."

"भाजलं असेल तरी सांगणार नाही तो," मी म्हटलं. "स्वतःचं काही सांगायची त्याला सवय नाही. दुसऱ्यांचं मात्र छान सांगतो."

जाळ भडकला. झावळ्या कडकडल्या. ऋत्विक मला पनवेलच्या घराबद्दल सांगत होता, मी मान हलवत होते, आणि धुरापलीकडून दोन डोळे माझ्यावर खिळले होते. धुराने लाल झाले होते की आणखी कशाने, कोण जाणे. एकदा आमची नजर मिळाली. त्याने ओठ उघडले... आणि खाली वाकून आणखी पेंढा टाकला.

मग ऋत्विकने विचारलं, "मग... पुन्हा भेटायला आवडेल तुम्हाला?"

मी श्वास घेतला. "हो" म्हणायला माझं तोंड उघडलंसुद्धा होतं.

"झाली!" निकेत एकदम ओरडला. "पोपटी झाली!"

आणि त्याने बांबूने जाळ उधळला, ओल्या पोत्याने मडकं उचललं आणि पाटीत रिकामं केलं. वाफ आली. सगळे पुढे सरसावले. मनुआत्याने पन्नास वर्षांतली पहिली गरम शेंग दाताखाली धरली आणि तिचा चेहरा वाकडा झाला.

"अरं निकेत! कच्ची हाय की ही!"

बाबांनी एक चावली आणि थुंकली. निकेतने लावलेली पोपटी कच्ची? मडक्यावर पाणी शिंपडावं, ते चर्रकन उडालं की मगच हात लावावा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. याने पाण्याचा तांब्या जवळ ठेवला होता. त्याला हातही लावला नव्हता.

ऋत्विकने हातातली हिरवी शेंग उलटसुलट करून पाहिली. मग निकेतकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि हसायला लागला.

"काका, मी रागावणार नाही, तुम्हीही रागावू नका," तो बाबांना म्हणाला. "हे स्थळ सांगायला याने मला फोन केला तेव्हा दीड तास बोलत होता. ती पान उलटताना बोट कसं ओलं करते, हेसुद्धा सांगितलं. मी तेव्हाच विचारलं होतं, अरे, मग तू का नाही करत? तर फोन कट."

सगळे निकेतकडे बघायला लागले. तो राखेकडे बघत होता.

मी उठले. गेले चार दिवस गिळलेलं सगळं वर आलं. आई नव्हती, पण असती तरी मी थांबले नसते.

"दीड तास? याच्याशी दीड तास? आणि माझ्याशी एक वाक्य नाही?"

"दिपाली, मला वाटलं..."

"तुला काय काय वाटलं ते मला पाठ आहे! नोकरी कच्ची, घर लहान, तिला सुखात ठेवणारा दुसरा बघू. माझ्या वतीने सगळा विचार केलास. मला एकदा विचारायला काय झालं होतं?"

"तू नाही म्हणाली असतीस तर?" त्याचा आवाज फुटला. "मला ते... ऐकवलं नसतं."

"नाही म्हणाले असते तर म्हणाले असते! ते मी म्हणायचं होतं, निकेत. तू माझ्या तोंडचं 'नाही' सुद्धा काढून घेतलंस."

माझे डोळे वाहत होते. धूर होता, पण धुराचं नाव मी घेणार नाही. मी रडत होते आणि रागावलेही होते.

तो उभा राहिला. हात राखेने माखलेले, चष्म्यावर काजळी. माझे बाबा समोर, त्याचा भाऊ समोर, आत्या समोर. पळायला वाट नव्हती, आणि त्याने शोधलीही नाही.

"मला तू हवी आहेस," तो म्हणाला. यावेळी मध्ये कुठे थांबला नाही. "माझी नोकरी पक्की नाही, कधी होईल माहीत नाही. मी घाबरट आहे, तेही आज सगळ्यांना कळलं. तरीही विचारतो. दिपाली, माझ्याशी लग्न करशील?"

पोफळींच्या वर उजेड तांबूस झाला होता. बाबांनी घसा खाकरला, तर आत्याने त्यांच्या दंडावर चापट मारली. "गप र रामा. पोरीला इचारलंय."

निकेत माझ्याकडे बघत होता. घाबरलेला होता, पण नजर हलवली नाही त्याने. मी त्याला ताटकळत ठेवलं. मुद्दाम ठेवलं. शनिवारी फाटकाकडे बघत मी जेवढी ताटकळले होते, त्याच्या निम्मं तरी त्याला भोगू दे, असं मला मनापासून वाटत होतं.

"हो," मी शेवटी म्हटलं. "पण माझा राग गेलेला नाही."

"कधी जाईल?"

"माहीत नाही. वर्ष लागेल. दोनही लागतील."

"थांबतो," तो म्हणाला.

"थांबू नकोस!" मी ओरडले. "पुन्हा थांबायचंच बोलतोयस? इकडे ये आधी!"

आणि तो आला.