मुसाचं अंड्याचं घड्याळ

कतारमधल्या दोह्याच्या शेठने निरोपाला दिलेल्या सोन्याच्या क्रोनोग्राफ घड्याळावर वेळ लावून मुसा अंडी उकडायचा. बाजूचं बटण दाबलं, टक्, की लांब काटा धावायला लागे. परत दाबलं, टक्, की थांबे. अंडं तयार. रोह्याचा अख्खा मोहल्ला हसे. जमिलाही हसे, नवऱ्याला घड्याळ मिरवायचं असतं आणि अंडं निमित्ताला असतं, हे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

तो गेला तेव्हाही घड्याळ मनगटावर होतं. गुसलला, म्हणजे मयताला न्हाऊ घालायला, आत दोघेच गेले. जमिलाचा धाकटा भाऊ तमीम आणि शेजारचा मुझम्मिल. मोहल्ल्यात कुणीही गेलं तरी कापराचं पाणी तापवायला मुझम्मिललाच बोलवत. दोघे बाहेर आले तेव्हा घड्याळ नव्हतं. तमीमने कुणाचं नाव घेतलं नाही. मुझम्मिलच्या खिशाकडे नुसता बघत राहिला. असं बघायला अक्कल लागते. उरलेलं काम मोहल्ल्याने केलं. मुझम्मिलला पुन्हा कुणी बोलावलं नाही, आणि जमिलाने त्याच्या सलामाला जवाब देणं सोडलं.

आज सकाळी तिच्या मुलीने, सफाने, मोबाइल पुढे धरला. मुंबईत दुर्मिळ घड्याळांचा लिलाव होता. त्यातल्या एका घड्याळाच्या उंची पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं वाकडं भोक होतं. जगात असा अडाणीपणा एकच माणूस करू शकत होता.

फोटोत घड्याळ कुणाच्या तरी मनगटावर होतं. मूठ वळलेली. अंगठ्याचं नख दारात चेंगरून मधोमध चिरलेलं, मुसाचं होतं तसंच.

सफाने लिलाववाल्यांना फोन लावला. मग मोबाइल खाली ठेवला.

"अम्मी, त्या मॅडम म्हणतात, आम्ही हातात घालून फोटो काढतच नाही. स्टँडवर हाय म्हणतात. आणि ते पेणहून आलंय म्हणतात."

तो फोटो आपल्या मोबाइलवर घेऊन जमिला पेणच्या गाडीत बसली. कासू स्टेशन गेल्यावर तिने फोटो पुन्हा बघितला. आता मूठ उघडली होती.

पेणला तमीमचं गल्फच्या व्हिसाचं ऑफिस होतं.

"आपा! फोन तरी करायचास गो. चहा सांगू?"

"घड्याळ कुठं हाय?"

"कुठलं?"

"अंड्याचं."

तमीम हसला. "ते होय! त्या मुझम्मिलला विचार की."

"त्या माणसाच्या सलामाला मी जवाब दिला नाय तमीम, तुझ्या एका बघण्यावर. एकदाच सांग. तू काढलंस?"

"अल्लाशप्पथ नाय."

टक्.

आवाज दोघांनीही ऐकला. टेबलावरच्या मोबाइलमध्ये, फोटोत, लांब काटा धावत होता. चिरल्या नखाचा अंगठा बटणावर होता. ऑफिसात ओल्या कापराचा वास आला.

तमीम वाकला. "हा हात... मी विकायला दिलं तेव्हा नुसतं घड्याळ होतं..."

आणि थांबला.

जमिलाला त्या हाताची भीती वाटली नाही. तो तिच्या ओळखीचा होता. समोर बसलेल्या माणसाकडे मात्र तिला बघवेना.

"आत्ता चल. मुझम्मिलच्या दारात उभा राहून सांग."

"आपा, धंदा हाय माझा. चार लोकांत तोंड कसं दाखवू?"

ती उठली. त्याने अडवलं नाही. डावं मनगट उजव्या हातात धरून तो बसला होता.

रोह्याला परतली तेव्हा अजून ऊन होतं. मुझम्मिल ओट्यावर सूप घेऊन वालाच्या शेंगा सोलत होता. आज जमिलाने आधी सलाम केला.

त्याने शेंगेतले दाणे काढून घेतले. मग जवाब दिला. "बसा, भाभी."

मोबाइल वाजला. तमीम होता, आणि लहानपणी ताप चढल्यावर बोलायचा तसा बोलत होता.

"आपा, मुसाभाईंना सांग ना गो. मनगट सोडायला सांग. मी येतो, सगळ्यांना सांगतो, फक्त..."

टक्.

पुढे आवाज आला नाही. तिने मोबाइल कानापासून खाली घेतला. फोटोत स्टँड होता, त्यावर घड्याळ. काटा थांबलेला.

मुझम्मिलला पलीकडचं काही ऐकू गेलं नव्हतं. तरी त्याने सूप बाजूला सारलं, बाह्या वर केल्या.

"भाभी," त्याने हळूच विचारलं, "कापराचं पाणी ठेवू तापायला?"