येताना समोरून वारा

चष्मेवाला विमान-तिकिटांच्या ऑफिसात आला तो साहेबांचा दुरुस्त केलेला चष्मा द्यायला. साहेब बाहेर गेलेले, काउंटरवर एकटी ती. चष्मा ठेवून निघायचं सोडून तो समोरचा नकाशा बघत बसला.

"मोठा भाऊ बोलावतोय तिकडे. दुकान काढलंय त्यानं," त्यानं नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला बोट टेकवलं. "फार लांब आहे का हो?"

"अकरा हजार किलोमीटर. जायला तेरा तास, यायला पंधरा."

"एकाच वाटेचे दोन हिशेब?"

"जाताना वारा पाठीशी असतो. येताना समोरून."

"म्हणजे मुलीच्या सासरसारखंच... तिकडे धाडायची घाई, माहेरी परत पाठवताना कुरकुर!"

ती खळखळून हसली. स्वतःचं हसू ऐकून स्वतःच दचकली. घरी आत्या होती, पण ती बोलायची टीव्हीशी. आणि ऑफिसात दुपारचा डबा ती स्वतः कॉम्प्युटरला साक्षी ठेवून खायची.

पैसे न भरता सीट एक दिवस धरून ठेवता येते, हे तिनंच त्याला सांगितलं. मग काय! रस्त्यापलीकडच्या दुकानातून तो रोज यायचा. "आजचा दिवस धरून ठेवा." ती धरून ठेवायची. संध्याकाळी सीट सुटायची, सकाळी तो हजर. असलं गिऱ्हाईक धंद्याला खोटच, पण त्याची वाट बघताना तिचा चहा गार व्हायला लागला.

एक दिवस तो बसलाच नाही.

"भावाला आज कळवायचंय. तुम्हाला काय वाटतं... जाऊ?"

'नका जाऊ' हे शब्द अगदी ओठांशी आले. पण साऱ्या दुनियेला वाट दाखवणाऱ्या बाईची जीभ नेमकी तिथंच अडली. ती म्हणाली, "खिडकीची सीट घ्या. डोंगर छान दिसतात."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बरं... पक्कं करा मग."

तो गेला. समोरच्या दुकानात दुसराच माणूस काचा पुसू लागला. ती मात्र रोज डबा उघडताना त्याच विमानाची वेळ बघायची. सुटलं. पोचलं. आता त्यात तिचं कोण होतं? कुणी नाही. तरी ते पोचल्याशिवाय घास उतरायचा नाही.

अन् एका दुपारी ऑफिसचा फोन वाजला.

"तिकडे यायला अजून पंधरा तासच लागतात का हो?"

तिनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "...हो. वारा समोरूनच आहे."

"दुकान चांगलंय भावाचं. पण कुणाशी बोलावं असं माणूस नाही." मग हळूच, "एक सीट धरून ठेवता?"

"नाही."

"नाही?" पलीकडून आवाज आला. अकरा हजार किलोमीटरवरून.

"धरून-बिरून ठेवणार नाही आता," ती एका दमात म्हणाली. "पक्कं करतेय."

"आणि खिडकी?"

"मुळीच नाही! दाराजवळची देते. लवकर उतरता येतं."