खडकावर विकलेली पोर

फिरायला कुठं जावं असं कुणी विचारलं की आमचे हे सांगत सुटतात. राजोडीचं सुरूचं बन, कळंबची पुळण, भुईगावला ओहोटीत उघडे पडणारे खडक. वसईचा किल्ला काय सगळेच बघतात, म्हणतात, खरं बघायचं ते कुणाला ठाऊक नसतं ते. वालीवच्या कारखान्यात आठवडाभर मशीनपाशी उभं राहायचं, रविवारी अशी एखादी जागा शोधायची आणि सोमवारी डबा खाताना चारचौघांना ऐकवायची, त्यांचं सुख तेवढंच. अर्नाळ्याच्या बेटावरच्या एका जागेचं नाव मात्र ते आता काढत नाहीत. तुम्ही विचारलंत म्हणून मी सांगते. लाइट यायला अजून वेळ आहे. मेणबत्ती जरा अलीकडं घ्या, पोरीच्या तोंडावर उजेड नको.

आम्ही पाटणकडचे. लग्न होऊन मी इथं बोळिंजला आले, तेव्हा बिल्डिंगीभोवती निम्मी शेतंच होती. पहिला मुलगा झाला. रांगायला लागला आणि तापानं गेला. पुढं अनू झाली, तेव्हापासून मी झोपले म्हणून नाही. रात्रीतून उठून तिच्या नाकापुढं बोट धरायचं, श्वास लागला की आडवं व्हायचं. हे हसायचे. "सातवी पास डॉक्टरीण," म्हणायचे.

आमच्याकडं एक मूल गेलं की पुढचं विकतात. खोटंखोटंच. परक्या बाईच्या ओटीत घालायचं, तिनं मूठभर काहीतरी द्यायचं, मग आपण तिला जोंधळे देऊन मूल परत विकत घ्यायचं. म्हणजे न्यायला येणाऱ्याला वाटावं, हे यांचं नव्हेच, विकत आणलेलं आहे. अनूचं ते करायचं राहून गेलं होतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गावाहून आल्या त्या जोंधळ्यांची पुरचुंडी बांधूनच आल्या.

खाली गेटपाशी इझाबेल भाजी घेऊन बसायची. जवळच्याच गावातली, वाडीवाली. माझ्याशी तिचं फार जमायचं. तिच्या कानावर हे गेलं तशी म्हणाली, "मला द्या की. केळ्यांचा एक फणा देते. संध्याकाळी परत नाही नेलीत तर मीच आणून टाकीन. माझ्या घरात खाणारी तोंडं काय कमी आहेत?"

आत्याबाई तिच्यासमोरच मला म्हणाल्या, "नको गं बाई. ही नेईल चर्चात, घालील डोक्यावर पाणी. मग आपली कशी म्हणायची?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इझाबेल रागावली नाही. केळी मांडता मांडता एवढंच म्हणाली, "आजीबाई, विकायची तर घर माहीत असलेल्या माणसाला विका. परत आणायला दार तरी पाहिजे."

आत्याबाईंनी ते ऐकलं नाही. त्यांच्या मनात कोळीण होती. समुद्राकाठची बाई, जात्या पाण्याची, तिच्याकडं दिलं की दोष वाहून जातो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. यांना तर निमित्तच हवं होतं. "बेटावर जाऊ," म्हणाले. "बुरुजाच्या मागं एक जागा आहे, तिकडं काळं कुत्रं जात नाही. देखणी जागा. तुमचं ते विकणंबिकणं तिथंच उरका."

एसटीनं अर्नाळ्याला गेलो. होडीत चढायचं म्हणजे गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. होडीवाल्याचं नाव जयराम. त्यानं आत्याबाईंना हात देऊन वर घेतलं आणि यांना सांगितलं, "ओहोटी आहे तवर फिरा. पानी भरायला लागलं की हाक मारीन. मागच्या अंगाला फार येळ थांबू नका." हे म्हणाले, मी काय पहिल्यांदा आलोय का.

बेटावरचं गाव म्हणजे माणसं, जाळी आणि वाळत घातलेले बोंबील. त्या वासानं अनू शिंकली आणि हसली. ते हसू माझ्या चांगलं लक्षात आहे. किल्ल्यात गेलो, गोड्या पाण्याची विहीर बघितली. चहूकडं खारं पाणी आणि मध्ये हे गोडं, याचं यांना कोण कौतुक. मग तटाच्या कडेनं चालत त्या सुट्या गोल बुरुजाकडं गेलो आणि त्याच्याही पलीकडं.

जागा देखणी होती, खोटं कशाला बोलू. काळे खडक लांबवर पाण्यात उतरत गेलेले, मधल्या डबक्यांत आभाळ पडलेलं. पण तिथं वारा नव्हता. मागं गावात लुगडी फडफडत होती आणि इथं माझा पदरसुद्धा हलेना. भर दुपार असून अंगाला गारवा झोंबत होता. आणि एकच आवाज. टक… टक… टक.

खडकाच्या टोकाला एक बाई हातोडीनं शिंपांतली कालवं फोडत बसली होती. पाठमोरी. लुगड्याचा काष्टा, कमरेखाली पार भिजलेली, शेजारी टोपली. आत्याबाईंना आनंद झाला. हे फोटोसाठी जागा शोधत पुढं निघून गेले आणि आम्ही दोघी सासवासुना घसरत घसरत तिच्यापर्यंत गेलो.

"बाई, आमची पोर घेता का विकत?" आत्याबाईंनी हसतच विचारलं.

ती वळली नाही. हातोडी थांबली. "पोरीची आय कोन?"

"ही आमची सून."

"मंग आयनं बोलाचं."

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी डोळ्यांनी खुणावलं. मी म्हटलं, "घ्या."

तेव्हा ती वळली. चेहरा कसा होता म्हणाल तर साधा. चारचौघींसारखा. फक्त तिनं पापणी लववली नाही. तिनं ओटी पसरली, मी अनूला तिच्यात ठेवलं. परक्याकडं गेली की आकांत करणारी माझी लेक गप्प बसून तिच्या गळ्यातले मणी बघू लागली. बाईनं टोपलीत हात घातला, सोललेल्या कालवांची मूठ भरली आणि माझ्या पदरात टाकली. गार, बुळबुळीत. पदरातून पाणी माझ्या पायांवर ठिबकायला लागलं.

"घेतली," ती म्हणाली.

आत्याबाई पुरचुंडीची गाठ सोडायला लागल्या. गाठ ओली झाली होती, सुटेना. तेवढ्यात मागून हे धावतच आले. "चला, चला! तिकडं जयराम केव्हाचा बोंबलतोय. खडक बुडायला लागलाय, दिसत नाही का?" आणि त्यांनी वाकून त्या बाईच्या ओटीतून अनूला उचललं, माझा दंड धरला आणि ओढतच निघाले.

"अहो, परत घ्यायची राहिली…"

"घेतली की ही! कडेवर काय भोपळा आहे?"

मी मान वळवून बघितलं. ती बाई ओटी तशीच पसरून बसली होती, जशी काही तिच्यात अजून कुणी आहे. एक लाट आली. ती ओसरल्यावर खडकावर कुणी नव्हतं. टकटक मात्र बुरुजापर्यंत ऐकू येत होती.

होडीत आत्याबाईंनी दातांनी गाठ सोडली आणि जोंधळे समुद्रात टाकले. "पोचले तिला," म्हणाल्या. "सगळं पाणी एकच."

घरी आलो आणि अनू रडायची थांबली. भूक लागली तरी रडेना. अंगावर घेतली की तोंड फिरवायची. रागानं नव्हे हो, अनोळखी बाईच्या हातून खाऊ नाकारतात ना मुलं, तसं, सभ्यपणानं. वाटीचं दूध मात्र मुकाट पिई. तिला घासून आंघोळ घातली तरी मानेच्या वळीला कालवांचा वास यायचा. मी पापा घेतला की ओठांवर मीठ. दिवसभर गॅलरीत बसायची, पश्चिमेकडं तोंड करून, कुणाची वाट बघत असल्यासारखी.

आत्याबाई खूश. "बघ, कशी गुणाची झाली. लागू पडलं."

हे म्हणाले, "पोर रडत होती तेव्हा तुझी झोप नव्हती, आता रडत नाही तर तुझंच रडणं. तुला नक्की पाहिजे काय?"

मला काय पाहिजे ते मी इझाबेलला सांगितलं. तिनं कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली, अनूकडं बराच वेळ बघितलं आणि हळूच म्हणाली, "जा आणि सौदा पुरा करून ये. तुझ्या हातानं. सासूला नेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी निघायचं ठरवलं आणि तापानं पडले. ताप उतरून उभी राहीपर्यंत मध्ये काही दिवस गेले. मग एका सकाळी हे कामावर गेल्यावर निळी साडी नेसले, डब्यातले जोंधळे फडक्यात बांधले, अनूला घेतलं आणि गेले. जयरामनं ओळखलं. कालवंवाली कुठं भेटेल विचारलं तर वल्हं मारता मारता म्हणाला, "बुरुजामागं? तिकडं आमच्या बायका बसत नाय, ताई." का बसत नाहीत ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर परत फिरले असते.

ती होती. तिथंच, तशीच पाठमोरी. टक… टक. मी फडकं सोडून दोन्ही हातांनी पुढं केलं. "बाई, माझी पोर परत द्या. हे घ्या जोंधळे."

ती वळली आणि माझ्याकडं बघतच राहिली. मग पहिल्यांदाच तिच्या कपाळाला आठी पडली.

"परत कशाला आयलीस? काल नेलीस ना पोरीला."

"मी… काल मी घरातून हललेसुद्धा नाही."

तिनं टोपली माझ्यापुढं सरकवली. कालवांच्या शिंपांत मूठभर जोंधळे पडले होते. पाण्यानं फुगलेले, मोड आलेले. आमच्याकडचेच. इथल्या दुकानांत तसा टपोरा दाणा मिळत नाही.

"हीच साडी," ती म्हणाली. "हेच दाने. तूच होतीस. रडत नव्हतीस, तेवडाच फरक."

"मग ही कोण?" मी अनूला छातीशी धरून विचारलं. अनू माझ्या खांद्यावरून मागं, बुरुजाकडं बघत होती.

"पोर एकच आहे. काल जिनं दाने दिले, आता तिची आहे. तुझ्याकडं ठेवली असंल सांबालाला." तिनं हातोडी उचलली. "तुझे दाने घेऊन जा. एक पोर मी दोन वेला ईकत नाय."

मी पाया पडले. मंगळसूत्र काढून पुढं केलं. तिनं बघितलंही नाही. पाणी माझ्या घोट्याला लागलं तसं जयरामच्या हाका ऐकू यायला लागल्या.

आता अनू शाळेत जाते. तब्येत उत्तम, एकदासुद्धा दवाखाना नाही. बिल्डिंगीतल्या बायका म्हणतात, नशीबवान आहेस. बोलायला लागली तेव्हा यांना पप्पा म्हणाली, आत्याबाईंना आजी. मला मावशी. आत्याबाईंनी एकदा मुस्काटात मारली तिच्या, रडली नाही. "मावशीच आहे," एवढंच म्हणाली. हे आधी हसायचे. मग एका रविवारी एकटेच बेटावर जाऊन आले आणि त्यानंतर हसायचे थांबले. तिथं काय बघितलं ते सांगत नाहीत. मीही विचारत नाही. नवरा-बायकोत एवढं तरी झाकलेलं राहू दे.

मी तिला जेवू घालते, अभ्यास घेते, ताप नसला तरी कपाळाला हात लावून बघते. दुसऱ्याची ठेव जपावी तशी जपते. तिनं आई म्हणावं म्हणून काय काय केलं, ते तुम्हाला सांगायला लाज वाटते. आईलासुद्धा कुणी आई म्हणावं लागतं हो.

परवा पाण्याचा टँकर उशिरा आला, त्या गडबडीत शाळेची रिक्षा यायची वेळ चुकली. दाराला कुलूप लावून मी धावत खाली गेले. रिक्षा निघून गेली होती. वॉचमन म्हणाला, "ताई, आत्ताच तर तुम्ही बेबीला घेऊन वर गेलात."

मी दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढले. वर आले, दाराला कुलूप तसंच होतं. किल्ली माझ्या मुठीत. उघडलं.

अनू पाटावर बसून वरणभात खात होती. गणवेश बदललेला, तोंड धुतलेलं, ओले केस विंचरून घट्ट वेणी घातलेली. मी घालते तशी नव्हे, आणि माझ्याहून नीट.

"अनू… कोण आलं होतं?"

तिनं घास गिळला. माझ्याकडं बघून गोड हसली, बेटावर बोंबलांच्या वासानं हसली होती त्यानंतर पहिल्यांदा.

"आई आली होती. म्हणाली, अजून थोडे दिवस राहा, मावशीला त्रास देऊ नकोस."